सांधा आणि कोष्टक : संजाल-परिचालन प्रणालीच्या इतिहासातील काही टप्पे

१

कर्जत तालुक्यातील कळंब हे गाव लोहमार्गावर नाही. कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते वसले आहे. तेथील माणसाला मुंबईस किंवा पुण्यास आगगाडीने जावयाचे असेल तर प्रथम नेरळ अथवा कर्जत स्थानक गाठावे लागते. कर्जत हे भोर घाटाच्या पायथ्याचे स्थानक होय. पनवेलचा मार्ग येथे येऊन मिळतो. पुढे पळसदरीस खोपोलीचा फाटा फुटतो. आणि मुख्य मार्ग घाट चढून लोणावळ्यास जातो. खोपोलीपर्यंतचा मार्ग १२ मे १८५६ रोजी सुरू झाला, खंडाळा ते पुणे हा १४ जून १८५८ रोजी, आणि मधला घाट १८६३ साली. मधली सुमारे पाच वर्षे प्रवाशांना खोपोलीस उतरून डोलीतून, तट्टावर किंवा पायी खंडाळा गाठावे लागे.

संगणकांच्या जाळ्यांविषयीच्या निबंधाचा आरंभ लोहमार्गापासून करणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु 'स्विच' हा शब्दच मुळी त्या वाटेने आलेला आहे. इंग्रजीत त्याचा जुना अर्थ बारीक, लवचीक काठी असा होता. पुढे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गाडी वळविणाऱ्या हलत्या पट्टीला ते नाव मिळाले, आणि विद्युत्-मंडल जोडण्या-तोडण्याच्या साधनाला ते त्यानंतर लागले. मराठीने हे दोन अर्थ एका शब्दात कोंबले नाहीत. रुळांच्या बाबतीत 'सांधा' आणि विजेच्या बाबतीत 'खटका' अथवा 'बटण' असे निराळे शब्द रूढ झाले; सांधा हलविणारा तो सांधेवाला. संगणकशास्त्रातील स्विचचे कार्य मात्र खटक्याचे नसून सांध्याचे आहे. तो चालू किंवा बंद करीत नाही. आलेल्या वस्तूला अनेक मार्गांपैकी एका मार्गास लावतो. मराठी विद्यार्थ्याच्या मनात हा शब्द ऐकताच भिंतीवरचे बटण उभे राहते, आणि विषयाच्या आकलनात पहिली अडचण तेथेच उत्पन्न होते.

सांधेवाल्याच्या इतिहासात दोन कल्पना विशेष महत्त्वाच्या आहेत. प्रारंभी सांधा जागेवरच हाताने हलविला जाई. म्हणजे निर्णय आणि कृती एकाच माणसाच्या ठिकाणी होत्या. १८५६ मध्येच इंग्लंडात जॉन सॅक्स्बी यांनी सांधे व सिग्नल एकमेकांशी बांधून हलविण्याच्या युक्तीचे एकस्व मिळविले आणि त्या दिशेने पुढे जी पद्धती विकसित झाली तिला 'इंटरलॉकिंग' असे म्हणतात. सर्व दांडे केबिनमध्ये एकत्र आले. परस्परविरोधी मार्ग एकाच वेळी लागू नयेत, हा नियम माणसाच्या स्मरणशक्तीवर न सोडता लोखंडी पट्ट्यांच्या खाचांत बसविला गेला. दुसरी कल्पना पहिलीइतकी प्रसिद्ध नाही, पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची आहे. केबिनमध्ये दांडा ओढला म्हणजे दूरवरचा सांधा हललाच असे नव्हे. मध्ये तार तुटलेली असेल, सांध्यात दगड अडकला असेल. म्हणून सांधा प्रत्यक्ष बसला आहे याची खूण परत केबिनपर्यंत आल्यावाचून सिग्नल पडू द्यावयाचा नाही, अशी व्यवस्था करण्यात आली. रेल्वेच्या परिभाषेत तिला 'डिटेक्शन' हे नाव आहे. आज्ञा आणि वस्तुस्थिती ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, ह्याची ती यांत्रिक कबुली होय.

भोर घाटात ह्याचे आणखी एक रूप पाहावयास मिळते. ३७ फुटांस १ फूट असा तेथील उतार आहे. उतरणारी गाडी ताब्याबाहेर गेल्यास तिला अडविण्यासाठी मुख्य मार्गातून फुटून चढावर संपणारे फाटे ठेवलेले आहेत. अशा 'कॅच सायडिंग'चा सांधा स्वाभाविक स्थितीत मुख्य मार्गाकडे नसतो, फाट्याकडे असतो. गाडी ताब्यात आहे हे सिद्ध झाल्यावर तो मुख्य मार्गास लावतात. परवानगी मिळाल्याखेरीज वाट नाही, हा जो नियम आज प्रत्येक संजालाच्या संरक्षक भिंतीत लिहिलेला असतो तो कर्जत-लोणावळ्याच्या दरम्यान लोखंडात पूर्वीपासून उभा आहे.

२

२८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथे ओरिएंटल टेलिफोन कंपनीची दूरध्वनी केंद्रे उघडली. त्या काळच्या एक्स्चेंजात ऑपरेटर समोरच्या फळ्यावरील एका छिद्रातून दुसऱ्या छिद्रात दोरीने जोड देत असे. कोण कोणाशी बोलू इच्छितो हे ऐकणे, मार्ग मोकळा आहे काय हे पाहणे आणि जोड देणे ही तिन्ही कामे एकाच व्यक्तीची. 'ऑपरेटर' हा शब्द मराठीत प्रथम रुळला तो ह्याच अर्थाने. १९५६ च्या सुमारास अमेरिकेत संगणकावर एकामागून एक कामे चढविणाऱ्या माणसाचे काम एका कार्यक्रमावर सोपविण्यात आले. त्या प्रकारच्या कार्यक्रमांना पुढे 'ऑपरेटिंग सिस्टीम' असे नाव पडले. म्हणजे ह्या संज्ञेतही एका गेलेल्या माणसाची आठवण राहिली आहे. 'परिचालन प्रणाली' हा मराठी पर्याय शुद्ध आहे, पण त्यात तो माणूस दिसत नाही.

ऑपरेटरला प्रथम हटविले ते कॅन्सस सिटीतील अंत्यसंस्कारांचा व्यवसाय करणाऱ्या आल्मन स्ट्रोजर यांनी. त्यांच्या यंत्राचे एकस्व १८९१ चे आहे. हिंदुस्थानातील पहिले स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ मध्ये सिमल्यास बसले. स्ट्रोजरच्या पद्धतीत केबिन नाही. चकती फिरविणाऱ्याच्या प्रत्येक स्पंदाबरोबर एकेक निवडक पायरी चढतो आणि आपली आपण वाट काढतो; निर्णय वहन करणाऱ्या लोखंडातच विरघळलेला असतो. यानंतर आलेल्या क्रॉसबार पद्धतीत 'मार्कर' नावाचे एक सामाईक नियंत्रक मंडल आले. ते क्षणभर एका संभाषणाची जोड ठरवून देते आणि लगेच दुसऱ्याकडे वळते. निर्णय आणि वहन यांची फारकत येथे झाली. पण नियम अद्याप रिलेंच्या तारजोडणीत होता, कागदावर नव्हता.

त्याचा परिणाम काय होतो हे भारताने अनुभवले. १९६० नंतरच्या दशकात बंगलोरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने बेल्जियममधील कंपनीच्या सहकार्याने पेंटाकोंटा जातीची क्रॉसबार एक्स्चेंजे बनविण्यास घेतली. युरोपात घरोघर दूरध्वनी होता आणि प्रत्येकाचा वापर बेताचा होता. आपल्याकडे दूरध्वनी थोडे, पण एकेका दूरध्वनीवर गल्लीभर लोकांची रांग. जोड न मिळाल्यास तोच क्रमांक पुन्हा पुन्हा फिरविण्याची सवय. एका जोडणीमागे किती प्रयत्न होतील याविषयीचे जे गृहीत त्या मंडलांत भरलेले होते, ते येथे टिकले नाही. सामाईक नियंत्रक अयशस्वी प्रयत्नांतच गुंतून पडत आणि वहनाचे मार्ग मोकळे असूनही बोलणे होत नसे. दोष धातूचा नव्हता. दुसऱ्या समाजाच्या बोलण्याच्या सवयी त्यात तारेने बांधलेल्या होत्या, आणि त्या सोडविण्यासाठी तारच बदलावी लागत होती. भाषाव्यवहाराच्या अभ्यासकांनी ह्या प्रकरणाकडे अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही.

१९६५ साली न्यू जर्सीतील सकासुना येथे संचित कार्यक्रमावर चालणारे पहिले मोठे एक्स्चेंज कार्यान्वित झाले. नियम आता स्मृतीत अक्षररूपाने आला, म्हणजेच तो बदलता येऊ लागला. मात्र बदलण्याचा अधिकार यंत्र विकणाऱ्याकडेच राहिला. ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या 'सी-डॉट' ह्या संस्थेचे महत्त्व येथे आहे. छत्तीस महिने आणि छत्तीस कोटी रुपये एवढ्या मर्यादेत स्वदेशी एक्स्चेंज तयार करण्याचे काम तिच्याकडे सोपविले होते. १२८ जोडांचे तिचे ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज जुलै १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे सुरू झाले. त्याला वातानुकूलित खोली लागत नसे, ही गोष्ट नेहमी सांगितली जाते आणि ती खरीही आहे. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की त्यातील कार्यक्रम येथेच लिहिलेला होता. वारंवार क्रमांक फिरविणाऱ्या गिऱ्हाइकाशी कसे वागावे हे ठरविण्यासाठी परदेशी पत्र पाठविण्याची गरज उरली नाही. पुढील दशकात अशी हजारो एक्स्चेंजे खेड्यांतून बसली.

३

संभाषणाच्या जाळ्यातून पॅकेटांच्या जाळ्याकडे येताना इतिहास एकदा पुन्हा मागे गेला. १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात अर्पानेटचा जो पहिला टपालयंत्र-संगणक बसला तो हनीवेल कंपनीचा सर्वसाधारण संगणकच होता. पॅकेट आले की तोच वाट ठरवी आणि तोच ते पुढे ढकली. दूरध्वनीत जी फारकत झाली होती ती येथे नव्हती. दोरी आणि ऑपरेटर पुन्हा एक झाले होते.

महाराष्ट्रात ह्या युगाचा प्रवेश जुहूच्या 'राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रा'तून झाला. डॉ. श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखालील हे केंद्र आणि पवईचे आय. आय. टी. हे दोन्ही 'अर्नेट'चे आरंभीचे घटक होते. १९८६-८७ मध्ये साध्या दूरध्वनीच्या तारेवरून पत्रांची देवघेव सुरू झाली. १९९१ च्या आरंभी दिल्ली व मुंबई यांना सेकंदास ९,६०० बिटांची भाड्याची वाहिनी जोडू लागली. १९९२ मध्ये मुंबईहून अमेरिकेकडे ६४,००० बिटांचे द्वार उघडले. सर्वसामान्यांस इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. ९,६०० बिटांच्या वाहिनीवर संगणकाला निर्णय व वहन ही दोन्ही कामे सांभाळून झोप काढण्यासही वेळ होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. अडचण आली ती वेग वाढल्यावर.

१९९० साली कॅलिफोर्नियातील एका लहान कंपनीने सात मुखांचा ईथरनेट-स्विच विक्रीस आणला. कंपनीचे नाव 'कल्पना' असे होते. विनोद भारद्वाज ह्या भारतीय संस्थापकाने आपल्या पत्नीच्या नावावरून ते ठेवले होते. ह्या यंत्रात पॅकेटाचा पत्ता वाचून ते योग्य मुखाकडे पाठविण्याचे काम धातूतील मंडलांवर सोपविले होते. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली आणि नाव लोपले. १९९८ मध्ये ज्युनिपर कंपनीच्या एम-४० ह्या राउटरात एक विभाग केवळ मार्ग ठरवी आणि दुसरा केवळ पॅकेटे वाही. दोघांमध्ये कोष्टकाची देवघेव असे. केबिन आणि सांधा पुन्हा वेगळे झाले; पण दोन्ही एकाच पेटीत, एकाच विक्रेत्याच्या कुलुपात.

स्वतःचे स्विच घडविण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात झालाच नाही असे नाही. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या 'सी-डॅक'ने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. अशा यंत्रात अनेक संगणकांना क्षणोक्षणी एकमेकांशी बोलावे लागते. म्हणून 'परमनेट' नावाचे स्वतःचे अंतर्गत जाळे व त्याचे स्विच तेथे तयार झाले, आणि अलीकडील 'त्रिनेत्र' हे त्याच परंपरेतील आहे. डिसेंबर २००२ मध्ये जुहूचे केंद्रही सी-डॅकमध्ये विलीन झाले. त्यामुळे मुंबईची पत्रव्यवहाराची परंपरा आणि पुण्याची यंत्रांतर्गत जाळ्याची परंपरा एका छपराखाली आल्या. बाजारातील स्विचचे जग मात्र दुसऱ्याच दिशेने गेले.

४

'नेटवर्क ऑपरेटिंग सिस्टीम' ह्या संज्ञेचा अर्थ चाळीस वर्षांत तीनदा बदलला आहे, आणि जुनी पाठ्यपुस्तके व नवे लेख एकत्र वाचणारा विद्यार्थी त्यामुळे हमखास फसतो. १९८३ मध्ये आलेल्या नॉव्हेल कंपनीच्या 'नेटवेअर'च्या संदर्भात हिचा अर्थ कार्यालयातील फायली व छपाईयंत्र सर्वांस वाटून देणारी प्रणाली असा होता. १९९० नंतरच्या वर्षांत संगणकवर्गांतून 'नॉव्हेल' शिकविले जाई ते ह्याच अर्थाने. २००८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या परिसरात 'ओपनफ्लो' हा करार आणि 'नॉक्स' हा नियंत्रक पुढे आला. तेथे ह्या संज्ञेचा अर्थ सर्व जाळ्याचे चित्र एका ठिकाणी ठेवून सर्व स्विचांना आज्ञा देणारी मध्यवर्ती प्रणाली असा झाला. जणू सर्व स्थानकांच्या केबिनी मोडून एकच मोठी केबिन बांधावी. तिसरा आणि आज अधिक रूढ असलेला अर्थ म्हणजे एकेका स्विचच्या आत राहणारी प्रणाली. एकाच नावाखाली केबिनची जागा तीनदा बदलली आहे. संज्ञेचा मराठी पर्याय कोणताही स्वीकारावा, पण ही जागा सांगितल्यावाचून व्याख्या पुरी होत नाही.

तिसऱ्या अर्थाची प्रणाली धातूशी कसा व्यवहार करते ते पाहणे आवश्यक आहे. स्विचच्या पेटीत दोन निरनिराळी यंत्रे असतात. एक साधारण संगणक, बहुधा लिनक्सवर चालणारा. आणि दुसरी वहनाची चिप. २०२२ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने आणलेली टॉमहॉक-५ ही चिप सेकंदाला ५१.२ लाख कोटी बिट वाहू शकते. तिच्याशेजारच्या संगणकाला ह्यातील नगण्य अंशही हाताळता येणार नाही. म्हणून पॅकेटे त्याच्याकडे जातच नाहीत. शेजारच्या स्विचांचे निरोप, अनोळखी पत्त्यांची चौकशी अशी मोजकी पॅकेटे तेवढी चिप त्याच्याकडे वर पाठविते, आणि तीही दर ठरवून. अन्यथा चौकशांच्या गर्दीने केबिनच बुडेल. संगणक त्या निरोपांवरून कोणत्या पत्त्याची वाट कोणत्या मुखातून ते ठरवितो आणि तो निर्णय चिपमधील कोष्टकांत लिहितो. चिपला वाट म्हणजे काय हे माहीत नसते. तिला फक्त कोष्टक माहीत असते : हा पत्ता दिसला तर ते मुख. एकाच पत्त्याला अनेक नोंदी लागू पडत असतील तर त्यांतील सर्वांत लांब जुळणारी नोंद घ्यावयाची. टपालाच्या वर्गणीत 'रायगड'पेक्षा 'कर्जत' आणि 'कर्जत'पेक्षा 'कळंब' ही नोंद अधिक मानावी, तसे.

ह्या व्यवहारातील सर्वांत नाजूक जागा म्हणजे निर्णय आणि कोष्टक यांच्यामधील भाषा. प्रत्येक चिपकर्त्याची आज्ञांची भाषा निराळी, आणि पुष्कळदा गुप्त. त्यामुळे परिचालन प्रणाली एका चिपशी जखडलेली राही, व गिऱ्हाईक पेटी विकणाऱ्याशी. २०१३ मध्ये 'ओनी' नावाची प्रारंभक व्यवस्था खुली झाली. तिने कोऱ्या स्विचवर हवी ती प्रणाली चढविता येऊ लागली. २०१५ मध्ये 'साई' ह्या नावाने चिपांशी बोलण्याची एक सामाईक भाषा मान्य झाली. आणि मार्च २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिच्यावर आधारलेली 'सॉनिक' ही प्रणाली सर्वांस खुली केली. २०२२ पासून तिचा सांभाळ लिनक्स फाउंडेशनकडे आहे. सॉनिकची रचना भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास मनोरंजक वाटावी अशी आहे. तिच्यातील निरनिराळे कार्यक्रम स्वतंत्र कोठड्यांत चालतात व एकमेकांशी थेट बोलत नाहीत. एका सामाईक नोंदवहीत लिहितात आणि तेथूनच वाचतात. मार्ग ठरविणारा एक नोंद करतो. दुसरा ती वाचून चिपच्या परिभाषेच्या जवळ आणतो. तिसरा साईच्या आज्ञांत तिचे रूपांतर करून चिपकडे पोचवितो. एका विधानाचे तीन भाषांतरकार, आणि प्रत्येकाच्या हातून चूक होण्यास जागा.

अशी चूक किती महाग पडते याचे उदाहरण १२ ऑगस्ट २०१४ चे आहे. त्या दिवशी जगाच्या इंटरनेटच्या मार्गकोष्टकातील नोंदींची संख्या ५,१२,००० च्या पलीकडे गेली. जुन्या राउटरांतील चिपांच्या विशिष्ट स्मृतीत तेवढ्याच नोंदींस जागा राखलेली होती. संगणकाच्या बाजूचे कोष्टक वाढत राहिले, चिपचे भरले. काही यंत्रांनी उरलेली पॅकेटे संगणकाकडे ढकलली व ती मंदावली. काही ठिकाणी वाटच लोपली. अनेक देशांत सेवा विस्कळीत झाल्या. केबिनमधील दांडा ओढलेला होता, सांधा हललेला नव्हता.

५

प्रस्तुत विषयाचा उरलेला भाग आभासीकरणाचा आहे, आणि येथे प्रथम शब्दाकडेच पाहावे लागते. 'आभासी' हा पर्याय मराठीत पदार्थविज्ञानातून आला. आरशात दिसणारी प्रतिमा आभासी, कारण किरण तेथे खरोखर एकत्र येत नाहीत. आभासी यंत्राची गोष्ट तशी नाही. आय. बी. एम. ने १९६७ च्या सुमारास एका मोठ्या संगणकात अनेक संगणक नांदविण्याची जी कला साधली आणि १९७२ मध्ये 'व्हीएम/३७०' ह्या नावाने बाजारात आणली, तिच्यातील प्रत्येक यंत्र खरोखरच गणित करीत असे. फक्त त्याच्या मालकीची वेगळी पेटी नव्हती. इंग्रजी शब्दात गुण किंवा कार्यशक्ती यावर भर आहे; मराठी शब्दात भ्रमावर. कार्य आहे आणि स्वतंत्र देह नाही, एवढाच येथे अर्थ घ्यावयाचा.

यंत्रे अशी देहाविना नांदू लागली की त्यांना जोडणारा सांधाही पेटीच्या आत शिरतो. एका संगणकावर चाळीस आभासी यंत्रे असतील तर त्यांच्यातील पॅकेटे बाहेरच्या स्विचपर्यंत येण्याचे कारण नाही. आतील एक कार्यक्रमच स्विचचे काम करतो. २००९ पासून खुला असलेला 'ओपन व्ही-स्विच' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. म्हणजे १९६९ ची स्थिती पुन्हा आली : संगणकच वाट ठरवितो, संगणकच पॅकेट ढकलतो. इतिहासाचे हे वळण पाठ्यपुस्तकांत प्रगतीच्या सरळ रेषेत मांडलेले आढळते, ते योग्य नव्हे.

दुसरी अडचण संख्येची होती. एकाच तारेवर अनेक जाळी वेगळी ठेवण्यासाठी १९९८ पासून प्रत्येक पॅकेटावर बारा बिटांची खूण लावण्याची प्रमाण पद्धती आहे. तिच्यात ४,०९६ संख्या बसतात व वापरता येतात त्या ४,०९४. एखाद्या कार्यालयास एवढ्या पुरतात. हजारो गिऱ्हाइकांस जागा भाड्याने देणाऱ्या केंद्रास पुरत नाहीत. ऑगस्ट २०१४ मध्ये नोंदविल्या गेलेल्या 'व्हीएक्सलॅन' पद्धतीत खूण चोवीस बिटांची झाली, म्हणजे १,६७,७७,२१६ जाळ्यांची सोय झाली. तिची युक्ती अशी की आतील पॅकेट जसेच्या तसे दुसऱ्या पॅकेटाच्या लखोट्यात घालावयाचे. वाटेतील स्विच लखोट्यावरचा पत्ता तेवढा वाचतात.

समजा, कळंबच्या एका शेतकऱ्याने आपल्या मोबाइलवर सातबाराचा उतारा मागविला. तो उतारा देणारे यंत्र आभासी असेल, तर मागणी घेऊन येणारे पॅकेट अनेक तारा व तंतू ओलांडून एखाद्या माहितीकेंद्राच्या दाराशी पोचते. मुंबई-पुणे पट्ट्यात अशी केंद्रे गेल्या काही वर्षांत पुष्कळ झाली. मायक्रोसॉफ्टने पुणे व मुंबई येथे २०१५ मध्ये, ॲमेझॉनने मुंबई परिसरात २०१६ मध्ये आपली केंद्रे उघडली. रायगड जिल्ह्यात पनवेलजवळ योट्टा कंपनीची मोठी इमारत २०२० मध्ये सुरू झाली. दारातच त्या पॅकेटाला लखोटा चढतो. आतील स्विचांच्या चिपा तो लखोटा एका सांध्यावरून दुसऱ्यावर नेतात. आत शेतकऱ्याचा उतारा आहे की बँकेचा हिशेब, हे त्यांना दिसत नाही व दिसण्याचे कारणही नाही. शेवटच्या संगणकात शिरल्यावर तेथील आभासी स्विच लखोटा फोडतो, चोवीस बिटांची खूण पाहतो आणि पॅकेट योग्य यंत्राच्या हाती देतो. उत्तर ह्याच क्रमाने परत येते. मध्यंतरी ते आभासी यंत्र एका पेटीतून दुसऱ्या पेटीत हलविले गेले, तर आतील पत्ता बदलत नाही. बाहेरील लखोट्यांवर कोणता पत्ता घालावयाचा ती नोंद सर्वत्र बदलावी लागते. लखोटा घालण्या-फोडण्याचे काम कोठे संगणकातील कार्यक्रम करतो, कोठे वहनाची चिप. पुष्कळ केंद्रांत दोन्ही. त्यामुळे एकच नोंद हजारो ठिकाणी, दोन निराळ्या स्वभावांच्या कोष्टकांत, जवळजवळ एकाच वेळी खरी असावी लागते.

उतारा आला नाही तर दोष कोठे शोधावयाचा? लखोटा वाहणारा स्विच म्हणतो की सर्व लखोटे पोचले. आभासी स्विच म्हणतो की आपल्याकडे लखोटा आलाच नाही, किंवा आला पण खूण अनोळखी होती. दोघांच्या नोंदी आपापल्या जागी बिनचूक असू शकतात. कळंबच्या शेतकऱ्यास ह्यातील काहीच दिसत नाही. 'सर्व्हर डाउन आहे' एवढे तीन शब्द त्याच्या वाट्यास येतात, आणि तलाठी कार्यालयातही तेच.

ह्या तफावतीवर जे उपाय योजले जात आहेत त्यांतील एक येथे नोंदविण्याजोगा आहे. सॉनिकमध्ये मार्ग ठरविण्याचे काम 'एफआरआर' हा खुला कार्यक्रम करतो. पूर्वी त्याची रीत अशी होती की वाट ठरताच ती शेजारच्या स्विचांस कळवून मोकळे व्हावयाचे. चिपच्या कोष्टकात ती नोंद उतरली की नाही, याची वाट पाहावयाची नाही. एवढ्या अवधीत शेजारी पॅकेटे पाठवू लागत आणि ती कोष्टकात नोंद नसलेल्या मुखाशी येऊन नष्ट होत. आता तेथे एक पर्याय उपलब्ध आहे. तो चालू असल्यास वाट प्रथम चिपकडे जाते. चिपमध्ये नोंद बसल्याची खूण उलट दिशेने तिन्ही भाषांतरकारांमधून वर येते. आणि ती मिळेपर्यंत शेजाऱ्यास काहीही कळविले जात नाही. याशिवाय संगणकाकडील नोंदवही आणि चिपकडील कोष्टक वरचेवर ताडून पाहणारा एक स्वतंत्र तपासनीस कार्यक्रमही त्या प्रणालीत ठेवलेला आहे. दोन्हींत फरक आढळल्यास तो कोणत्या नोंदीत आहे हे तो लिहून ठेवतो.